काझीरंगा, मेघालय आणि बॅगेत नेमक्या किती लेन्स?

वाचकाचं पत्र: नमस्कार. मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहते. जानेवारीत आम्ही आठ दिवस आधी काझीरंगा आणि मग शिलाँग, सोहरा (चेरापुंजी), डावकी करतोय. मी, मिस्टर, नववीतली मुलगी आणि सासूबाई. दिवाळीत कॅननचा आर५० घेतला, त्याच्यासोबत १८-४५ आणि ५५-२१० अशा दोन लेन्स आल्या. आता प्रत्येकजण वेगळंच सांगतोय. ऑफिसमधला एकजण म्हणतो १५०-६०० शिवाय जंगलात जाऊच नका. चुलत दीर म्हणतात सीनरीला १०-१८ पाहिजेच. दुकानदार म्हणाला १८-१५० घ्या, एकीत सगळं होतं. बहीण म्हणते ५० एमएम घे, फॅमिली फोटो भारी येतात. मिस्टर म्हणतात मोबाइल पुरे, ओझं कशाला. बजेट पन्नास-साठ हजार आहे. मग घ्यावं काय आणि न्यावं काय? ट्रायपॉड लागेल का?

उत्तर:

ताई, नमस्कार. आधी सरळ उत्तर देते, कारणं मागून (लेन्सचे आकडे मिलिमीटरमध्ये असतात, लहान आकडा म्हणजे रुंद दृश्य, मोठा आकडा म्हणजे लांबचं जवळ). १८-४५ न्या. ५५-२१० घरी ठेवा. कॅननचीच आरएफ १००-४०० भाड्याने घ्या. विकत घ्यायचीच असेल तर फक्त ५० एफ १.८ घ्या. १५०-६०० नको, १०-१८ नको, १८-१५० पण नको. बाकीचे पैसे एक जास्तीची सफारी करायला ठेवा, त्यातून जे फोटो मिळतील ते कुठलीच लेन्स देणार नाही.

आता का ते सांगते. तुम्हाला सल्ला देणारे सगळेजण लेन्सपासून सुरुवात करतायत, आणि मला वाटतं सुरुवात तुम्ही कुठे बसणार आणि किती चालणार इथून करावी. काझीरंग्यात तुम्ही उघड्या जिप्सीत बसणार, चौघं घरचे, वर ड्रायव्हर आणि असला तर गार्ड, खाली उतरायला बंदी, कोपराला कोपर लागलेलं. मेघालयात उलट, तिथे गाडीतून उतरून पायऱ्याच पायऱ्या. नोंग्रियाटचा दुमजली मुळांचा पूल बघायचा असेल तर तीन हजारांच्या वर पायऱ्या उतरायच्या आणि तेवढ्याच परत चढायच्या. या दोन्ही ठिकाणी दोन किलोची लेन्स घेऊन वावरून बघा म्हणजे १५०-६०० चं काय होतं ते कळेल. ती लेन्स वाईट आहे असं अजिबात नाही, पक्ष्यांच्या मागे लागलेल्या माणसाला ती पाहिजेच, पण ती जवळपास दोन किलो, शिवाय तुमच्या बॉडीवर, म्हणजे नुसत्या कॅमेऱ्यावर, ती ॲडॅप्टर लावून बसवायची, आणि तुमचा आर५० बॅटरीसकट फक्त ३७५ ग्रॅमचा आहे, तो तिच्या मागे लटकल्यासारखा वाटतो, हात भरून येतो आणि तिसऱ्या सफारीपर्यंत ती लेन्स मांडीवरून उचलायचाच कंटाळा येतो.

आणि काझीरंग्यात तेवढ्या लांबच्या पल्ल्याची गरज असते का हेही बघा. २०२२ च्या गणनेत तिथे २,६१३ गेंडे मोजले होते. म्हणजे गेंडा दिसेल का ही चिंताच नको, दिसणार, आणि बऱ्याचदा इतका जवळ दिसणार की ड्रायव्हर गाडी थांबवून त्याला रस्ता ओलांडू देतो. हत्ती, रानम्हैस, बाराशिंगा, सगळे मोठ्या अंगाचे प्राणी. हे ताडोबा नाही, की वाघ तळ्याच्या पलीकडे झोपलाय आणि तुम्ही अर्धा तास त्याच्या कानाकडे बघत बसलाय. तुमच्या आर५० चा सेन्सर क्रॉप आहे, म्हणजे मोठ्या फुल फ्रेम सेन्सरपेक्षा लहान, म्हणून लेन्सचा आकडा १.६ ने गुणायचा, म्हणजे १००-४०० लावली की फुल फ्रेमच्या हिशोबात १६० ते ६४० मिळतात. एवढं पुष्कळ झालं. वाघ दिसलाच तर तोही यात येईल, बिलावरचे (बिल म्हणजे तिथलं तळं) पेलिकन पण येतील (पक्षी बघायचे तर एक सफारी अगरतोली रेंजची, म्हणजे उद्यानाच्या त्या विभागाची, नक्की घ्या, सगळ्या कोहोरा आणि बागोरीलाच नका घालवू).

वजनाचा हिशोब करून दाखवते. बॉडी ३७५, १८-४५ ची १३०, १००-४०० ची ६३५, ५० ची १६० ग्रॅम. झाले १ किलो ३०० ग्रॅम, सगळं मिळून. आपल्याकडे डोमेस्टिक फ्लाइटला केबिन बॅग बहुतेक ७ किलोपर्यंतच चालते आणि कॅमेरा, लेन्स, जास्तीच्या बॅटऱ्या, पॉवर बँक हे सगळं केबिनमध्येच न्यायचं असतं, सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनला टाकूच देत नाहीत. त्यात सासूबाईंची औषधं, स्वेटर. तेव्हा १ किलो ३०० ग्रॅम ही खूप चांगली बातमी आहे.

आता माझा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, आणि हा नीट वाचा कारण इथेच बहुतेक लोकांचे फोटो एकसारखे येतात. लांब लेन्स जनावरांना आणि वाइड लेन्स सीनरीला अशी वाटणी डोक्यातून काढून टाका. या ट्रिपला तर उलटं करून बघाच. काझीरंग्याचं सौंदर्य नुसत्या गेंड्याच्या तोंडात नाहीये. जानेवारीच्या सकाळी गवतावर धुकं असतं, दक्षिणेला कार्बी आंगलाँगचे डोंगर पुसट दिसत असतात, मधेच एखादं पानं झडलेलं सावरीचं झाड, आणि त्या सगळ्यात एक गेंडा, लहानसा, फ्रेमच्या कोपऱ्यात चरतोय. हा फोटो १८-४५ ने येतो. तो बघितल्यावर कळतं की हे जनावर कुठल्या जागेत राहतं. शिंग आणि डोळा भरून आलेला क्लोजअप काढा, हौस आहे, काढाच, पण तसा फोटो प्राणिसंग्रहालयातही मिळतो. धुक्यातला नाही मिळत.

आणि मेघालयात उलटं. लोक शिलाँगजवळच्या लाइटलुमला दरीच्या काठावर उभे राहून वाइड लावतात आणि मग घरी येऊन म्हणतात अरे प्रत्यक्षात किती भव्य होतं आणि फोटोत एवढंसं दिसतंय. होणारच, कारण वाइड लेन्स लांबच्या गोष्टी अजून लांब ढकलते आणि पायाजवळचं गवत मोठं करते. तिथे १००-४०० लावा, १५०-२०० च्या आसपास, आणि एकामागे एक उतरत गेलेल्या डोंगरधारा निवडून घ्या, सकाळी धूसर असताना तर प्रत्येक धार वेगळ्या निळ्या छटेची येते. नोहकालिकाईचंही तेच. धबधबा ३४० मीटर उंचीचा आहे पण तुम्ही समोरच्या बाजूने दरीपलीकडून बघता, आणि जानेवारीत पाण्याची धार बारीक असते. वाइडने तो एक पांढरा दोरा दिसतो. लांब लेन्सने ती धार, मागचा कातळ आणि खालचा निळा-हिरवा डोह एवढंच घ्या. तुमच्या दिरांचा सल्ला मी म्हणूनच बाजूला ठेवतेय. १०-१८ चांगली आहे, १५० ग्रॅमची तर आहे, पण १८ एमएम म्हणजे फुल फ्रेमच्या हिशोबात २९ च्या आसपास, बऱ्याच मोबाइलच्या मेन कॅमेऱ्यापेक्षा जेमतेम थोडं अरुंद, आणि तेवढं सीनरीला पुरतं. क्वचित कधी नाही पुरलं तर कॅमेरा उभा धरून डावीकडून उजवीकडे चार-पाच फोटो काढा, प्रत्येकात आधीच्या फोटोचा तिसरा हिस्सा तरी यायला हवा, एक्स्पोजर आणि फोकस लॉक करून, आणि घरी जोडा. मुळांच्या पुलाशी मात्र वाइडची आठवण येईल हे खरं, पण तिथे ओढ्याच्या दगडांवर मागे सरकायला जागा असते.

दुकानदाराच्या १८-१५० बद्दल पण सांगते. लेन्स उत्तम आहे, ३१० ग्रॅम, आणि कॅमेरा घेतानाच त्या किटमध्ये मिळाली असती तर मी म्हटलं असतं घ्या. पण आता तुमच्याकडे १८-४५ आहे, आणि १५० वर जंगलात अडकायला होतं. म्हणजे ती घेऊनही लांब लेन्सचा प्रश्न सुटत नाही, फक्त पैसे संपतात.

१००-४०० ची एक कमजोरी आहे आणि ती आधीच माहीत असलेली बरी. ती अंधारी लेन्स आहे, म्हणजे उजेड कमी आत घेते, एफचा आकडा जेवढा मोठा तेवढा उजेड कमी. १०० वर एफ ५.६ आणि ४०० ला गेलात की एफ ८. आसामात जानेवारीत सूर्य पाच वाजायच्या आत मावळतो, आपल्याकडे ठाण्यात सव्वासहापर्यंत उजेड असतो त्यामुळे आपल्याला अंदाजच येत नाही, दुपारच्या सफारीत साडेतीनपासूनच उजेड उतरायला लागतो. सकाळी धुकं. तेव्हा आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) वाढणार, वाढू द्या. ऑटो आयएसओ लावा, वरची मर्यादा ६४०० ठेवा, रॉ मध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, नॉइज म्हणजे फोटोतला दाणेदारपणा घरी सॉफ्टवेअरमध्ये बराच जातो पण हललेला फोटो कशानेच सुधारत नाही. चरणाऱ्या गेंड्याला शटर स्पीड १/५०० सेकंद ठेवा, उडत्या पक्ष्याला १/१६०० किंवा वर, आणि जनावर अगदी स्थिर उभं असेल आणि गाडीचं इंजिन बंद असेल तर १/२५० पर्यंत उतरा, लेन्सचा आयएस (हाताची थरथर सावरणारी सोय) मदत करतो. इंजिन बंद करायला ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा, कारण नुसत्या त्या थरथरीने फोटो जातात. धुक्यात कॅमेरा फसतो बरं का, सगळं पांढरं बघून तो फोटो काळवंडून टाकतो, म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) प्लसमध्ये, दोन तृतीयांश ते एक स्टॉप, एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. आणि उंच गवतामागे जनावर असलं की फोकस गवताच्या काडीवर बसतो, तेव्हा ॲनिमल डिटेक्शन (जनावर आपोआप ओळखणारा फोकस) चालू असलं तरी फोकस पॉइंट छोटा करून डोळ्यावर न्या.

अजून एक. आर५० चा बफर, म्हणजे फोटो कार्डावर जाईपर्यंत ठेवायची मेमरी, छोटा आहे, रॉ मध्ये बोट दाबून धरलंत तर तो लगेच भरतो आणि नेमका हत्तीने सोंड उचलली की कॅमेरा विचार करत बसतो. दोन-तीन फोटोंचे छोटे बर्स्ट मारा. उडत्या पक्ष्याला फुल इलेक्ट्रॉनिक शटर नको, पंख वाकडे येतात.

लेन्स बदलायचं काय, तर जिप्सीत बदलावीच लागेल, बॉडी एकच आहे. पण चालू गाडीत अजिबात नाही. धूळ सरळ सेन्सरवर जाते, मिररलेसमध्ये मध्ये काहीच आड नसतं. सकाळी निघताना १००-४०० लावून निघा, १८-४५ जॅकेटच्या खिशात स्वच्छ पाउचमध्ये. गाडी थांबली, धूळ खाली बसली, कॅमेरा बंद केला, तोंड जमिनीकडे धरलं, मग बदला, मुलीला एक टोपण धरायला सांगा. आणि १८-४५ आधी फिरवून उघडावी लागते, तोवर फोटो निघत नाही, हे हाताला आधीच सवयीचं करून ठेवा.

मिस्टरांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, वाइड फोटो आणि व्हिडिओ मोबाइल खरंच सुंदर काढतो. पण बऱ्याच व्याघ्र प्रकल्पांत कोअरमध्ये मोबाइल वापरायला बंदी आहे, आपल्या ताडोब्यात तर आहेच, आणि काझीरंगाही व्याघ्र प्रकल्प आहे. बुकिंग करतानाच आणि पुन्हा गेटवर विचारा. जंगलात मोबाइलच्या भरवशावर राहू नका, मेघालयात बिनधास्त वापरा.

आता ५० एफ १.८. हा सल्ला तुमच्या बहिणीने दिलाय आणि मला तो सगळ्यात जास्त आवडला. तुमच्या पत्रात जनावरं आहेत, सीनरी आहे, पण मला त्यात सासूबाई दिसल्या. आठ दिवस चौघं एकत्र असणार, संध्याकाळी होमस्टेच्या पिवळ्या दिव्यात गप्पा मारत, शालीत गुंडाळून चहा घेत, आणि त्या उजेडात १८-४५ चालत नाही, तिचा ॲपर्चर ४५ ला एफ ६.३ होतो. ५० वर एफ १.८ म्हणजे साडेतीन स्टॉपहून जास्त उजेड, फार मोठा फरक. क्रॉपवर ती ८० सारखी वागते, चेहऱ्यासाठी अगदी योग्य, फक्त छोट्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागेल. तिच्यात आयएस नाही आणि आर५० च्या बॉडीतही नाही, म्हणून शटर १/१२५ च्या खाली नेऊ नका. काझीरंग्याचे गेंडे पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहेत, सासूबाईंचे असे फोटो काढायची संधी वारंवार येत नाही, तेव्हा ही लेन्स ट्रिपनंतरही घरात राहील म्हणून विकत घ्या.

नोंग्रियाटला सासूबाई येणार नाहीत असं धरून चालते. जे उतरतील त्यांनी फक्त १८-४५ आणि ५० न्यावी, मोठी लेन्स सोहऱ्याला खोलीवरच. डावकीला मात्र एक वस्तू लागेल, ४९ एमएमचा सीपीएल म्हणजे चकाकी कापणारा पोलरायझर फिल्टर, १८-४५ वर बसतो. हिवाळ्यात तिथल्या उमंगोट नदीचं पाणी इतकं नितळ असतं की होडी हवेत तरंगतेय असं वाटतं, पण कॅमेऱ्याला पाण्यावरची चकाकी आधी दिसते. फिल्टर हळूहळू फिरवत राहा, एका ठिकाणी चकाकी जाते आणि तळाचे गोटे दिसतात. काम झालं की काढून ठेवा, तो साधारण दीड स्टॉप उजेड खातो.

ट्रायपॉड नको. जिप्सीत तो उघडायलाच जागा नाही. त्याऐवजी रिकामी बीन बॅग न्या, म्हणजे जाड कापडाची चेन असलेली पिशवी, आणि काझीरंग्याला पोचल्यावर दोन किलो तांदूळ घेऊन भरा. जिप्सीच्या दांडीवर ठेवली की ४०० एमएम स्थिर राहते, आणि निघताना तांदूळ तिथल्याच कोणाला देऊन टाका. बॅटऱ्या मात्र एकूण तीन तरी हव्यात, आर५० ची बॅटरी छोटी आहे आणि थंडीत अजून लवकर उतरते.

भाड्याच्या लेन्सबद्दल. मुंबईत आणि ठाण्यातही लेन्स भाड्याने देणारे आहेत, डिपॉझिट आणि ओळखपत्र लागतं. घेताना दुकानातच स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावून बघा. झूम १०० पासून ४०० पर्यंत अडकत नाही ना, प्रत्येक टोकाला फोकस होतो ना, आयएसचा स्विच चालतो ना. मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने मारून काचेत बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, लेन्स घेऊ नका. आपल्या दमट हवेत बुरशी सर्रास धरते, तुमच्या स्वतःच्या लेन्स पण कपाटात कपड्यांत ठेवू नका, हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा. आधीचे ओरखडे असतील तर दुकानदारासमोर फोटो काढून ठेवा. १००-४०० मिळालीच नाही तर घाबरू नका, तेव्हा ५५-२१० न्या, क्रॉपवर ती ३३६ पर्यंत जाते, गेंडे-हत्तींना पुरते, फक्त पक्षी सोडून द्यावे लागतील.

आणि लेन्स पहिल्यांदा काझीरंग्यात उघडू नका, हे फार मनापासून सांगते. निघायच्या आधी एका वीकेंडसाठी तीच लेन्स घ्या आणि ऐरोलीला खाडीवर जा. तिथल्या सागरी जैवविविधता केंद्रातून फ्लेमिंगोंसाठी बोट जाते, भरती-ओहोटीप्रमाणे वेळा असतात, आधी चौकशी करून जा. डिसेंबर-जानेवारीत फ्लेमिंगो यायला लागलेले असतात, कमी असले तरी बगळे, शेकाट्या, घारी असतातच. बोट हलते, पक्षी हलतो, उजेड पाण्यावरून चमकतो, जिप्सीत जे होणार ते सगळं तिथे होतं. ते नाही जमलं तर पहाटे येऊरला जा, झाडाखालच्या अंधारात आयएसओ कुठे जातो ते कळेल. तेही नाही तर बाल्कनीतून घार फॉलो करा, घोडबंदरला घारींना तोटा नाही. मुलीलाही कॅमेरा द्या, दुपारच्या सफारीत तुमचे हात दमतात तेव्हा कॅमेरा तिच्याकडे जाईल आणि तिला शटर कुठे बदलायचं ते माहीत असलेलं बरं.

एक घाई मात्र करा. तारखा २६ जानेवारीच्या आसपास असतील तर लेन्सचं बुकिंग आत्ताच फोनवर करून ठेवा, त्या सुट्टीत निम्मी मुंबई जंगलात जाते आणि १००-४०० सारख्या हलक्या लेन्स सगळ्यात आधी संपतात. भाड्याचे दिवस धरताना परतीच्या फ्लाइटनंतर एक दिवस जास्तीचा धरा, हिवाळ्यात गुवाहाटीची विमानं धुक्याने लेट होतात.